आयरिश पबमधलं सेशन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दर सप्टेंबरला डब्लिनमध्ये आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची नवी तुकडी उतरते. पहिले दोन महिने घर आणि पीपीएस नंबर (सरकारी कामांसाठी लागणारा ओळख क्रमांक) यांतच जातात. मग कधीतरी फोन येतो, "दादा, ते पबमधलं म्युझिक ऐकायला कुठे जायचं?" माझं उत्तर येईपर्यंत मंडळी टेम्पल बार या पर्यटकांच्या भागात जाऊन आलेली असतात. दहा युरोची पिंट, माइकवर गिटार घेऊन इंग्रजी गाणी म्हणणारा एक तरुण, शेजारी बॅचलर पार्टीतली धिंगाणा घालणारी टोळी. मजा येते, नाही असं नाही. पण ते सेशन नव्हे.

सेशन म्हणजे काय हे समजायला आपल्याला खरं तर फार कष्ट पडायला नकोत. माझे आजोबा कोकणातून परळला गिरणीत आले, आणि चाळीच्या खोलीत दर गुरुवारी त्यांच्या गाववाल्यांचं भजन चालायचं. मंडळी गोल करून बसायची, तोंड एकमेकांकडे. दारात उभं राहून कुणी ऐकलं तर ऐकलं. सेशनही तसंच, फक्त हातात टाळांऐवजी फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि मध्ये आरतीच्या तबकाऐवजी काळ्या बिअरचे ग्लास. आयर्लंडमध्ये पूर्वी हे संगीत खेड्यातल्या घरांत, चुलीपाशी, नाचासाठी वाजायचं. 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला आणि त्याचा बडगा घरगुती नाचांवरही पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला बांधकामावर गेलेल्या आयरिश मजुरांना भाड्याच्या खोलीत वाजवायला जागा नव्हती, म्हणून ते पबमध्ये जमू लागले. पबमध्ये बसून वाजवायची रीत तिथून रुळली, असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे हा प्रकार मुळात चाकरमान्यांचाच.

हे एकदा डोक्यात बसलं की खालचे बरेचसे नियम आपोआप कळतात.

1. आधी जागा नीट निवडा

पबच्या दारावर 'लाइव्ह म्युझिक' लिहिलेलं असतं, त्यावरून काहीच कळत नाही. आत डोकावून बघा. स्टेज, स्पीकर आणि माइक दिसले तर तो कार्यक्रम आहे. कोपऱ्यात एका टेबलाभोवती लोक वाद्यं घेऊन बसलेत, निम्म्यांची पाठ तुमच्याकडे आहे, आणि दोन धुनांच्या मध्ये ते निवांत गप्पा मारतायत, तर ते सेशन. पाटीवर 'ट्रॅड (म्हणजे पारंपरिक) सेशन' असे शब्द असले तर बहुधा योग्य जागी आलात.

डब्लिनमध्ये मी नव्यांना स्मिथफील्डच्या कॉबलस्टोनला पाठवतो. लुआस या ट्रामच्या लाल मार्गावर स्मिथफील्डला उतरलं की चालत पाच मिनिटं. 2021 मध्ये तिथे हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले होते, आणि महापालिकेने परवानगी नाकारली. मेरियन रो या रस्त्यावरचं ओडोनहूज जुनं आणि प्रसिद्ध; 1960 च्या दशकात 'द डब्लिनर्स' हा गट तिथूनच पुढे आला. तिथे गर्दी असते, तयारीने जा. गॉलवेला गेलात तर टिग कोली आणि क्रेन बार. क्लेअर परगण्यात डूलिनला मोहेरचे कडे बघायला सगळेच जातात आणि संध्याकाळच्या बसने परत येतात. तसं करू नका, एक रात्र राहा. आणि जुलैच्या सुरुवातीला जमलं तर मिलटाउन मालबे. विली क्लॅन्सी या पाइपवादकाच्या नावाने 1973 पासून तिथे उन्हाळी शाळा भरते, आणि त्या आठवड्यात गावातला एकही पब गप्प नसतो.

2. बरोबर काय घ्याल

- वयाचा पुरावा. पासपोर्ट किंवा इथलं ड्रायव्हिंग लायसन्स. 18 ते 20 वयाच्यांना रात्री नऊनंतर पबमध्ये तो जवळ ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आयआरपी कार्डावर (निवास परवान्यावर) विसंबू नका, दारावरचा माणूस ते ओळखपत्र म्हणून मान्य करेलच असं नाही.
- बँक कार्ड, आणि थोडी रोकड. सेशनला तिकीट नसतं, पण कधी कधी वादकांसाठी डबा फिरतो.
- लीप कार्ड, परतीच्या प्रवासासाठी.
- अंगात थर. बाहेर बोचरा वारा आणि आत उकाडा असतो, जाड जॅकेट मांडीवर घेऊन तीन तास बसावं लागतं.
- भरलेलं पोट. संगीतासाठी नावाजलेल्या बऱ्याच पबमध्ये चिप्सच्या पाकिटापलीकडे खायला काही मिळत नाही.

3. वेळ, आणि पोरं बरोबर असतील तर

सेशन साधारण रात्री नऊ-साडेनऊला सुरू होतं. नऊ म्हणजे वादक नऊला येतात, कोट काढतात, पेय घेतात, सूर लावतात. आपण साडेआठला पोचावं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांबरोबर रात्री नऊपर्यंतच पबमध्ये थांबता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. त्यामुळे कुटुंबासाठी रविवार दुपारचं सेशन बघा. दुपारचं वादनही जास्त मोकळं असतं, आणि एखादी दहा-बारा वर्षांची मुलगी आजोबांशेजारी बसून टिन व्हिसल (छोटी बासरी) वाजवताना दिसते. धुरामुळे पोरांना न्यायला कचरत असाल तर ती भीती सोडा: 29 मार्च 2004 पासून इथे पबच्या आत सिगारेट बंद आहे, आणि असा देशव्यापी नियम करणारा आयर्लंड जगातला पहिला देश.

4. कुठे बसायचं

पहिल्या खेपेला मी अगदी मोक्याची जागा पकडली. भिंतीला लागून बाक, समोर रिकामं टेबल, कुणी नाही. मनात म्हटलं, नशीब आपलं. दहा मिनिटांनी सत्तरीचे एक गृहस्थ हातात काळी पेटी घेऊन आले आणि माझ्यासमोर नुसतेच उभे राहिले. मी हसलो, तेही हसले. "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड," म्हणत ते एका बाजूला टेकले. इथे 'ग्रँड' म्हणजे भव्य नव्हे, 'चालेल हो, राहू दे'. मी ते शब्दशः घेतलं आणि बसून राहिलो. मग दुसरी पेटी आली, तिसरी आली, आणि चौथ्या माणसाने पिशवीतून वाद्य काढलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी पेटीवाल्याच्या जागेवर बसलेला भाविक आहे.

तेव्हा कोपऱ्यातला बाक रिकामा दिसला की बसू नका. टेबलावर 'राखीव' ची पाटी असेलच असं नाही. काउंटरवर विचारा, "सेशन कुठे बसतं?" आणि त्याच्या शेजारच्या टेबलाला बसा. वादकांच्या टेबलावर आपला ग्लास ठेवायचा नाही. फिडल तिथेच ठेवलेलं असतं, आणि एक सांडलेली पिंट हजारो युरोंना पडू शकते.

5. काउंटरवर

टेबलावर कुणी ऑर्डर घ्यायला येणार नाही. काउंटरपाशी जायचं, मागायचं, लगेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण बारमनच्या डोक्यात ती असते. नोट हलवून लक्ष वेधणाऱ्याचा नंबर हमखास शेवटी लागतो. टिपेची पद्धत काउंटरवर नाही.

पिंट म्हणजे 568 मिलिलिटर. एवढं नको असेल तर 'ग्लास' मागा, तो अर्धा असतो. टेम्पल बार सोडला तर डब्लिनमध्ये गिनेसची, म्हणजे इथल्या काळ्या बिअरची, पिंट साधारण सहा-सात युरोंना पडते. गिनेस दोन टप्प्यांत भरतात: पाऊण ग्लास भरून बारमन तो बाजूला ठेवतो, आत तपकिरी ढग खाली उतरत राहतात, काळं आणि पांढरं वेगळं झालं की वरचा भाग भरतो. कंपनीने याला 119.5 सेकंद असा आकडाच देऊन ठेवलाय. मध्येच ग्लास उचलू नका. मी उचलला होता. बारमनने काही न बोलता माझ्या हातातून काढून घेतला.

शाकाहारी मंडळींसाठी: पूर्वी गिनेस नितळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरत, तो बंद होऊन काही वर्षं झाली. खाण्याच्या बाबतीत मात्र सावध. 'गिनेस स्ट्यू' म्हणजे बीफ, 'आयरिश स्ट्यू' म्हणजे मेंढीचं मटण, आणि भाजीचं सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. विचारायला लाजू नका.

पीत नसाल तरी काही अडत नाही. 'गिनेस झीरो' बहुतेक ठिकाणी मिळते. नुसता चहा मागितलात तरी बऱ्याच ठिकाणी किटली, दूध, साखर सगळं व्यवस्थित येतं. 'रॉक शँडी' हे संत्र-लिंबाचं बिनदारूचं पेय आहे, पण नुसतं 'शँडी' म्हणालात तर त्यात बिअर असते. हा घोळ माझ्या ओळखीतल्या दोघांनी घातलाय. घसा बसला असेल आणि पीत असाल, तर हॉट व्हिस्की मागा. गरम पाणी, साखर, लवंगा टोचलेली लिंबाची चकती. आजीच्या काढ्याची बिघडलेली नातेवाईकच.

राऊंडचं मात्र ऐकून ठेवा. शेजारच्याने तुमच्यासाठी पेय आणलं तर पुढची खेप तुमची, आणि टेबलावर सहा जण असतील तर सहा पेयांची. आपल्याकडे चहाचे पैसे देताना ओढाताण होते तसं इथे काही होत नाही. सगळं गंमतीत चाललंय असं वाटतं, पण कुणाची पाळी चुकली हे प्रत्येकाला ठाऊक असतं. खिशाला झेपत नसेल तर पहिल्याच वेळी हसून सांगा, "मी माझं माझं घेतो, लवकर निघायचंय." कुणी मनावर घेत नाही.

6. ऐकायचं कसं

पहिल्या अर्ध्या तासात सगळं एकसारखंच वाटतं. मलाही वाटलं होतं. मग मी लहानपणी तीन वर्षं शिकलेला तबला कामाला आला.

बोटाने टेबलावर मात्रा मोजा. 'धा धी ना, धा ती ना' म्हणजे दादरा बसला तर ती जिग. 'धा गे ना ती, न क धी न', कहरव्यासारखी सरळ धावणारी असेल तर रील. तीन-तीनचे तीन गट, नऊ मात्रा, म्हणजे स्लिप जिग. ती ऐकताना सम कुठे आली हे सुरुवातीला निसटतं, आणि सापडलं की मजा येते. रील वेगात, त्यामुळे गर्दीला आवडतात. मला विचाराल तर जिगमध्ये जास्त डोलायला होतं.

प्रत्येक धून आटोपशीर असते. पहिला भाग आठ मात्रागटांचा, दोनदा. दुसरा भाग तेवढाच, बहुधा थोडा वरच्या सुरात, तोही दोनदा. आपल्या अस्ताई-अंतऱ्याची आठवण व्हावी असं. ही अख्खी धून साधारण तीनदा वाजते आणि मग न थांबता दुसरी सुरू होते. हा बदल पकडायला शिका. बदलाच्या क्षणी एखादी मान वर होते, डोळ्याला डोळा भिडतो, कुणीतरी "हप!" असं ओरडतं, आणि सगळे एकदम नव्या धुनेत. सेशनमधली दाद द्यायची जागा हीच.

बहुतेक धुना पांढरी दोन आणि पांढरी पाचमध्ये असतात. थाट ओळखायची सवय असेल तर बिलावल, खमाज आणि काफी एवढ्यांत बराचसा खजिना येतो. सगळे जण एकच धून वाजवतात, पण प्रत्येकाची हरकत वेगळी. फिडलवाला एका स्वरावर चटकन गिरकी घेतो, तिथेच बासरीवाला श्वास घ्यायला जागा सोडतो.

वाद्यांत दोन मुद्दाम बघा. एक इलन पाइप्स. तोंडाने फुंकत नाहीत. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या कोपराखाली हवेची पिशवी, आणि मांडीवर आडव्या नळ्यांतून तानपुऱ्यासारखा अखंड षड्ज. या वादनपरंपरेला 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. दुसरं बाउरान, बकऱ्याच्या कातड्याचं, डफासारखं. उजव्या हातात छोटी काठी असते तिकडे सगळे बघतात. तुम्ही डावा हात बघा. तो चौकटीच्या आत, कातड्यावर मागून दाब देत सरकत असतो, आणि डग्यावर मनगट घासल्यावर यावा तसा घुमारा निघतो.

7. टाळ्या, फर्माइश, मोबाइल

आपल्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट: ठेक्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत. भजनात हात आपोआप एकमेकांवर येतात, इथे तेच हात मांडीखाली दाबून ठेवा. वीस जण टाळ्या पिटायला लागले की वादकांना एकमेकांचं ऐकू येत नाही आणि लय घसरते. पायाने हलका ताल धरा, पुरे. धून संपल्यावर टाळ्या, एखादं "लव्हली!" चालतं.

फर्माइश नको. 'ते चित्रपटातलं आयरिश गाणं वाजवा ना' तर मुळीच नको. व्हिडिओ काढायचा असेल तर आधी मानेने विचारा आणि अर्ध्या मिनिटात आटपा. धून आवडली आणि नाव हवं असेल तर टूनपाल नावाचं अ‍ॅप आहे, ते ऐकून ओळखायचा प्रयत्न करतं. त्याहून सोपं म्हणजे दोन धुनांच्या मधल्या वेळात शेजारच्या वादकाला विचारणं. अर्ध्या वेळा त्यालाही नाव आठवत नसतं.

आणि कुणी "व्हॉट्स द क्रॅक?" विचारलं तर दचकू नका. अमली पदार्थांचा काही संबंध नाही. 'काय चाललंय' एवढाच अर्थ.

वादनाच्या वेळी लोक गप्पा मारतात, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. पण कुणी गायला सुरुवात केली की सगळं बदलतं. कुणीतरी "श्श" करतं, काउंटरवरची नळाची खटपट थांबते. तेव्हा ग्लाससुद्धा आवाज न करता ठेवायचा. शॅन-नोस, म्हणजे जुन्या रीतीचं गाणं, बिनसाथीचं असतं. गाणारा बहुतेक वेळा डोळे मिटून गातो. कधी शेजारचा माणूस त्याचा हात हातात घेऊन, गाण्याच्या लयीत, जात्याचा खुंटा फिरवावा तसा हळूहळू फिरवत राहतो.

हे मी प्रथम पाहिलं ते आई आली होती तेव्हा. डोंबिवलीच्या महिला भजनी मंडळात तीस वर्षं घालवलेली बाई पबमध्ये चहाची किटली घेऊन बसली होती, जरा अवघडून, पदर सावरत. एका वृद्ध बाईंनी आयरिशमध्ये काहीतरी गायलं. शब्द एकही कळला नाही. आई मात्र त्या फिरणाऱ्या हाताकडे टक लावून बघत होती. गाणं संपलं, आणि इथली 'नोबल कॉल' ची रीत आडवी आली: जो गातो त्याला पुढचा गाणारा निवडायचा मान. बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि आईकडे बोट केलं.

अशा वेळी 'नाही नाही' चा गजर करू नका. गाता येत नसेल तर एकदा नम्रपणे नाही म्हणा, आग्रह होत नाही. येत असेल तर दोन मिनिटांचं काहीतरी मनात तयार ठेवा, कराओकेशिवाय म्हणता येईल असं. आईने माझ्याकडे बघितलं, मग चहाचा कप बाजूला सरकवला आणि जात्यावरच्या चार ओव्या म्हटल्या. मध्येच त्या बाईंनी आईचा हात धरला आणि फिरवायला लागल्या. त्यांना दळणाचं गाणं आहे हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

8. वाद्य घेऊन जायचं असेल तर

पहिल्याच दिवशी तबल्याची जोडी घेऊन जाऊ नका. दोन-तीन खेपा नुसतं ऐका. मग मुख्य वादकाला विचारा. काही सेशन खुली असतात, काहींत एक-दोन वादकांना पबकडून पैसे मिळतात आणि जागा ठरलेल्या असतात. तालवाद्य एकावेळी एकच, हा अलिखित नियम. दुसरं बाउरान आलं तरी कपाळावर आठ्या येतात, मग तबल्याचं काय सांगावं. बासरी असेल तर पांढरी दोनची घ्या. धून पाठ असेल तरच वाजवा. आयत्या वेळी 'सुरात सूर' मिसळायचा प्रयत्न लगेच उघडा पडतो.

9. निघताना

पब सोमवार ते गुरुवार साडेअकरा, शुक्रवार-शनिवार साडेबारा आणि रविवारी अकराला बंद होतात. पुढे अर्धा तास हातातलं संपवायला मिळतो. लुआसची शेवटची गाडी आधी बघून ठेवा, रविवारी ती लवकर असते. खेड्यातल्या एखाद्या पबमध्ये शेवटी राष्ट्रगीत वाजलं तर उभे राहा.

गाडीने गेला असाल तर पिऊ नका, पिणार असाल तर गाडी घरी ठेवा. इथली मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम आहे, पण लर्नर परमिटवाल्यांना आणि लायसन्स मिळून दोन वर्षं न झालेल्यांना फक्त 20. आपलं भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, सगळ्यांना परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे दहा वर्षं पुण्यात गाडी चालवलेला माणूसही इथे नवशिक्याच धरला जातो.

वेळ संपली की बारमन दिवे उघडझाप करतो आणि खोलीभर ओरडतो, "हॅव यू नो होम्स टू गो टू?" वर्षानुवर्षांचं ठरलेलं वाक्य आहे, अंगावर घेऊ नका. त्या रात्री आईने विचारलं, काय म्हणतोय तो?

"विचारतोय, घरदार नाही का तुम्हाला."

"आहे म्हणावं," आई शाल गुंडाळत म्हणाली, "डोंबिवलीला."